खाडा कोणी भरायचा?



मुलांच्या हाती पुस्तक द्या, असे आम्ही या सदरातून वारंवार लिहीत आलो. आज मात्र चेंडूविषयी लिहायचे आहे, आणि सोबत आमच्याच एका चुकीची कबुलीही द्यायची आहे.

आमच्या वस्तीतील मंडळाने गेल्या वर्षी दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी रग्बी सुरू केली. वस्तीतलाच एक तरुण हा खेळ बाहेर शिकून आला होता. तो म्हणाला, "काका, बॅट नको, पॅड नको. एक चेंडू अन् मोकळी जागा मिळाली की चौदा पोरं एकाच वेळी खेळतात." आम्हाला ते पटले.

विहारात वंदनेनंतर बैठक झाली तेव्हा एका मावशींनी सरळ विचारले, "भाऊ, पोरगं हातपाय मोडून घरी आलं तर दवाखान्याचं कोण बघणार?" प्रश्न रास्त होता. त्या तरुणाने त्यांना टॅग रग्बी समजावली. यात कोणी कोणाला पाडायचे नसते. प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की त्याने चेंडू सोबत्याला द्यायचा. चेंडू हाताने पुढे फेकायला मनाई, तो मागे किंवा बाजूलाच द्यायचा. इंग्लंडमध्येही सात आणि आठ वर्षांखालील मुलांना फक्त हाच प्रकार खेळू देतात. अंगाला अंग भिडवायचे शिक्षण त्यानंतर, पायरीपायरीने. महिला मंडळाने निळ्या कापडाच्या फिती शिवून दिल्या आणि काम सुरू झाले.

"हा तर साहेबांचा खेळ," असेही कोणी म्हणाले. एका अर्थी ते खरेच आहे. 1870 च्या दशकात कलकत्त्यातील इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. तो बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी चषक घडवला आणि 1878 साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. रुपये इथले, कप तिथला! पण 2007 साली भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांनी लंडनमध्ये जाऊन चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. मुंबईतील मॅजिक बस या संस्थेची 1999 ची सुरुवातही रस्त्यावरच्या मुलांना रग्बी खेळायला बोलावण्यातूनच झाली. खेळ ज्याने कमावला त्याचा. साहेबांचा म्हणून सोडून द्यायचा असता तर आपण क्रिकेटही खेळलो नसतो.

आता आमच्या चुकीकडे येतो.

शिकवणारा तरुण कुरिअरचे काम करतो. रविवारी सकाळी मैदानावर आला की त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. दोन महिने त्याने सोसले. मग संकोचत म्हणाला, "काका, घरभाडं थकलंय. रविवारचे अडीचशे मिळाले तर बरं होईल." बैठकीत विषय निघताच एक जुने कार्यकर्ते उसळले, "समाजकार्याला पैसे कसले? जयंतीला आम्ही रात्र-रात्र जागलो, आम्हाला कोणी दिले?" आम्हीही मान डोलावली. हिशोबाची वही आमच्याकडे असते. वर्गणीतले अडीचशे रुपये वाचले म्हणून मनातून बरेही वाटले. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे दोन रविवार तो तरुण आला नाही. मुले मात्र वेळेवर हजर. मग एका मोठ्या मुलाने, टीव्हीवर पाहिले तसे, फिती काढून टाकून पाडापाडीचा खेळ लावला. त्यात एका बारा वर्षांच्या मुलाचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटले. तो क्षणभर भेलकांडला. विचारल्यावर "काही नाही झालं," म्हणाला आणि तसाच खेळत राहिला. रात्री त्याला उलट्या झाल्या. आईने रिक्षात घालून दवाखान्यात नेले. सुदैवाने मूल सुखरूप आहे. डॉक्टरांनी काही आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली होती. ती माउली आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर सोपे गेले असते.

त्या आठवड्यात आम्ही रग्बीचा इतिहास वाचायला घेतला, आणि आमचेच भांडण आम्हाला तिथे सापडले. इंग्लंडच्या उत्तर भागात गिरणी कामगार आणि खाणकामगार हा खेळ खेळत. शनिवारी सामन्याला गेले की मजुरी बुडे. त्यांच्या क्लबांनी मागणी केली की बुडालेल्या वेळेचा मोबदला द्यावा. संघटनेतील खाऊनपिऊन सुखी मंडळी म्हणाली की खेळ हौसेचा, त्यात पैसा नको. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी आपली निराळी संघटना काढली आणि कामगार खेळाडूला बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचे ठरवले. तीच आजची रग्बी लीग. ज्यांनी पैसा नाकारला होता, त्या रग्बी युनियनने तो उघडपणे मान्य करायला 1995 साल उजाडले. शंभर वर्षे लागली!

ज्याचे पोट भरलेले आहे त्याला फुकट सेवा परवडते. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळाच्या अखेरीस, 1946 च्या दुरुस्तीने, कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. कामगाराच्या तासाला मोल आहे, हे ज्यांनी कायद्यात मांडले, त्यांचे नाव घेऊन आपण आपल्याच पोराचा तास फुकट मागत होतो.

पुढच्या बैठकीत आम्ही चूक कबूल केली. जुने कार्यकर्ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिहा वहीत. खाडा मंडळ भरेल." त्या दिवशी जे ठरले ते इतर वस्त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून देत आहोत.

शिकवणाऱ्याचा बुडालेला रोज दर रविवारी पावती करून द्यायचा, आणि महिन्याचा हिशोब विहाराच्या फळ्यावर लावायचा. मैदानावर दोन मोठी माणसे असल्याशिवाय चेंडू बाहेर काढायचा नाही. जन्मदाखला पाहून वयाचे गट पाडायचे. दहाच्या मुलासमोर चौदाचा उभा करायचा नाही. आईवडिलांची लेखी संमती घ्यायची. एकतर सगळे अनवाणी, नाहीतर सगळ्यांच्या पायात साधे बूट. पाणी, बर्फ, मलमपट्टी आणि रिक्षाभाडे जवळ ठेवायचे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला त्याच क्षणी बाहेर काढायचे, आणि त्या दिवशी परत घ्यायचे नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचाही हाच नियम आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो पुन्हा खेळणार नाही.

माताभगिनींना एक विनंती. घरी मुलांना चौथे शील शिकवताना हेही सांगा की लागले असताना "काही नाही झालं" म्हणणे हेसुद्धा खोटेच. दुखणे सांगणारा मुलगा भित्रा नसतो.

तो मुलगा आता मैदानावर परत आला आहे. पहिल्या दिवशी आई सोबत आली आणि शेवटपर्यंत कट्ट्यावर बसून राहिली. निघताना तिने शिकवणाऱ्या तरुणाला विचारले, "दादा, पुढच्या रविवारी तुम्ही आहात ना?"

"आहे ताई," तो म्हणाला.

तो असावा याची जबाबदारी आता त्याच्या एकट्याची नाही, आपल्या सर्वांची आहे. आपापल्या मंडळात याचा विचार व्हावा.

जय भीम!