हॉर्नवरचा अंगठा

सिग्नल सुटायला तीन सेकंद असतात आणि मागून हॉर्न सुरू होतो. वळून पाहावं तर दर वेळी मिसरूड फुटलेला पोरगाच असेल असं नाही. स्कार्फ बांधलेल्या ताई असतात, पेन्शनीतले काकाही असतात.

चालकांचा राग मोजायची मोजपट्टी जेरी डेफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत मांडली. गंमत म्हणजे एकूण रागात स्त्री-पुरुष बरोबरीचे निघाले; फरक होता निमित्तांत. पुरुष पोलीस दिसला की, पुढचा रेंगाळला की जास्त तापत. बायका नियम मोडणाऱ्यांवर, वाट अडवणाऱ्यांवर. (लक्ष्मी रस्त्यावर दुहेरी पार्किंग पाहिलेल्या कुणालाही हे पटावं!) वयाबरोबर हा राग ओसरतो, असं पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं.

पण राग येणं वेगळं आणि गाडी आडवी घालून कॉलर धरणं वेगळं. तिथवर जाणाऱ्यांत तरुण पुरुषच जास्त दिसतात, आणि घरी त्याचं 'गरम रक्त' म्हणून कौतुक होतं. आम्हाला ते मान्य नाही. या अंकात रिक्षाचालक, स्कूलव्हॅन चालवणाऱ्या महिला आणि निवृत्त एसटी चालक यांना बोलतं केलं आहे. एसटीवाल्या काकांपासून वाचायला सुरुवात करा.