पत्ते पिसा, वंशावळ पिसू नका

टॅरोच्या ७८ पत्त्यांत इजिप्तचे गूढज्ञान, ज्यूंची कब्बाला आणि ग्रहज्योतिष यांचा संगम झाला आहे, असे त्याचे भक्त सांगतात. वर, हाच खरा सर्वधर्मसमभाव, असेही ऐकवतात! मिसळीला आमची ना नाही. दोन भाषांच्या शिवेवर संसार थाटलेल्यांनी मिसळीला नाके मुरडणे शोभणारही नाही. आक्षेप आहे तो खोट्या वंशावळीला.

टॅरो जन्मला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. आणि तोही हुकमाच्या पानांचा एक खेळ म्हणून. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्याँने उलगडली ती १८२२ मध्ये. म्हणजे लिपी वाचता येण्याआधीच ग्रंथाचा अर्थ लागला होता! पुढे एलिफास लेव्हीने २२ हुकमांना हिब्रूची २२ अक्षरे जोडली. आधार कसला? तर आकडा जुळला!

या परंपरेचा कळस म्हणजे थॉथ संच. ॲलिस्टर क्रौलीच्या सांगण्यावरून फ्रीडा हॅरिसबाईंनी तो १९३८ ते १९४३ या काळात रंगवला. चित्रे देखणी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संचाला नाव इजिप्तच्या देवाचे, हुकमाच्या एका कोपऱ्यात हिब्रू अक्षर, दुसऱ्यात ग्रह किंवा राशी! याला संगम म्हणायचे की नुसती मांडामांड?

‘श्रद्धेने पाहिले तर बिघडले कुठे?’ असे कोणी विचारील. बिघडते ते इथेच. परधर्म कळल्याचे समाधान फुकट मिळते आणि तो समजून घेण्याचे कष्ट टळतात.

आपल्या शेजारच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. नाव फारसी, पाने गोल, संख्या १२०. त्यांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. हीसुद्धा मिसळच. पण तिची थोरवी सांगायला तिला व्यासांची पोथी ठरवावे लागत नाही. फारसी नाव पुसावेही लागत नाही.

वाचकहो, बसची पाटी वाचता आली म्हणजे कानडी आली, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? शेजाऱ्याची भाषा शिकावी लागते. चुकत, हसे करून घेत. मग कोपऱ्यातल्या एका अक्षरावरून ज्यूंची साधना कशी कळावी? पत्ते खुशाल खेळा. त्यांना धर्मग्रंथ म्हणू नका, एवढेच.