वचन आणि हमी : नोटेवरील दोन क्रियापदे

१/ खिशातील शंभराची नोट काढा आणि तिच्यावरील मजकूर वाचा. तेथे दोन इंग्रजी क्रियापदे आढळतील : 'प्रॉमिस' आणि 'गॅरंटी'. बोलताना आपण ती एकाच अर्थाने वापरतो. हा गोंधळ किती महाग पडतो, हे रायगड जिल्ह्यातील रोहा आणि पेण या दोन गावांच्या इतिहासातून समजते. #थ्रेड

२/ 'प्रॉमिस' म्हणजे वचन देणे. येथे कर्ता केवळ स्वतःला बांधून घेतो. नोटेवर धारकाला रक्कम अदा करण्याचे वचन देणारा 'मी' म्हणजे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर. ११ ऑगस्ट १९४३ रोजी या पदावर प्रथमच एक भारतीय आला : चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावी, बालपण रोह्यात. रोह्याच्या त्या मुलाची सही पुढे देशभर वचन म्हणून चालली.

३/ 'गॅरंटी' म्हणजे हमी घेणे. येथे तिसरा पक्ष पुढे येतो : 'त्याने शब्द पाळला नाही, तर मी भरून देईन.' आपल्याकडचा जुना शब्द 'जामीन'. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २६ नुसार नोटेमागे केंद्र सरकार असे जामीन उभे आहे. एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचन आढळत नाही. ती सरकार स्वतः काढते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

४/ आता पेण. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आले, निर्बंध लागले आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. पासबुकातील आकडा हे बँकेचे वचन होते. नोटेसारखी संपूर्ण सरकारी हमी त्यामागे नव्हती. होता तो ठेवविमा, तोही १९९३ पासून प्रत्येक ठेवीदारामागे १ लाख रुपयांपुरता. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली.

५/ 'ठेवीदारांनी सावध राहायला हवे होते' असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ते अन्यायाचे आहे. ज्या भाषेत माणूस पैसे मोजतो, त्या भाषेत त्याला हा भेद कोणी समजावून सांगितला होता? प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत दोन ओळी हव्यात : वचन कोणाचे, हमी किती.

६/ इतिहासाच्या अभ्यासकांनी तह, सनद, कर्जखत काहीही वाचताना हेच विचारावे. शब्द कोणी दिला? जामीन कोण राहिला? आणि किती रकमेपर्यंत?