मंगल परिणय झाला, नोंदणीचे काय?

गेल्या वर्षी रत्नागिरी तालुक्यातील एक भगिनी आमच्याकडे आली. पती आखातात नोकरीला. तिला तिकडे नेण्यासाठी व्हिसाचे कागद हवे होते. हाती फक्त विहारात मिळालेले विवाहाचे प्रमाणपत्र. सरकारी दाखला नाही. त्यातच शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. नोंदणीला पतीपत्नी दोघेही हजर लागतात, म्हणून पतीची पुढली रजा येईपर्यंत ती थांबली. तोवर लेकरू बापाला फोनवरच ओळखत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंदणी होते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगर परिषदेत. वय व रहिवासाचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार तयार ठेवा. विधी लावणाऱ्याची सही म्हणजे भटजीचीच असे नव्हे. आपल्या भन्तेजींची किंवा बौद्धाचार्यांची सही घ्या. पुढे दाखल्यावर राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हेग करारातील देशांना अपोस्टिल पुरते; इतरांना त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो.

बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत स्वतःचा विवाह नोंदणी पद्धतीनेच केला. मग आपण मागे का? त्रिशरण-पंचशील घेऊन विवाह लावा आणि त्याच आठवड्यात नोंदणीची पायरी चढा. लेकीच्या हाती दागिना नसला तरी चालेल, दाखला हवाच. जयभीम!