अपमानाचाही अभ्यास व्हावा

"एवढ्यातेवढ्याचा काय बाऊ करायचा?" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल! बोईसरला खोली पाहायला जावे, तर भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. ते सांगितले की खोली 'कालच गेली' असे उत्तर मिळते. वर्गात उच्चार चुकला की मागच्या बाकावर खसखस पिकते. यात मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मग दाद कोठे मागायची?

नेदरलँड्समध्ये फिलोमिना एसेड यांनी १९८४ साली नेमक्या अशाच रोजच्या वंशभेदावर पुस्तक लिहिले. कृष्णवर्णीय स्त्रियांना बोलते करून त्यांचे साधे अनुभव त्यांनी अभ्यासाचा पाया मानले.

आपल्याकडे असे काम शर्मिला रेगे यांनी केले. पुणे विद्यापीठात त्या समाजशास्त्र शिकवीत; पुढे तेथील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र त्यांनी नावारूपाला आणले. १९९८ सालच्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी दोन्ही चळवळींना खडे बोल सुनावले. दलित चळवळीत 'दलित' म्हणजे पुरुष आणि स्त्री चळवळीत 'स्त्री' म्हणजे सवर्ण, असे धरले गेले. मधली दलित स्त्री कोणालाच दिसली नाही. २००६ साली त्यांनी बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ही आत्मकथने त्यांनी नुसते साहित्य म्हणून वाचली नाहीत, समाजाविरुद्धची साक्ष म्हणून वाचली. २०१३ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्या गेल्या.

त्यांचे हे म्हणणे आपल्या भागाला तंतोतंत लागू पडते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझी आई ठेकेदाराकडे रोजावर जाते. मुकादम तिच्यावर खेकसतो तो ती बाई म्हणून, वारली म्हणून, की गरीब म्हणून? हे वेगळे करता येत नाही. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, हे पुस्तकात सापडते. आईचा दिवस कोणत्या पुस्तकात सापडेल? गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, याचा सर्वांना अभिमान आहे. परंतु भिंतीवर वारली चित्र हवे आणि त्या भिंतीआड वारली भाडेकरू नको, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, कायदे आहेत, राखीव जागा आहेत, आणखी काय हवे? कायदे हवेतच. परंतु 'खोली कालच गेली' या उत्तरावर कोणते कलम लावणार? ज्याची नोंदच नाही, ते घडलेच नाही असे म्हणणे सोपे असते.

म्हणून माझी गुरुजनांना आणि विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. आपण प्रत्येकाने आपल्या आईची किंवा आजीची हकिगत तिच्याच बोलीत लिहून काढावी, तिला वाचून दाखवावी आणि तिची संमती असेल तर ग्रंथालयात ठेवावी. तिचे बोलणे 'शुद्ध' करू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आईला लिहिता येत नाही, पण सांगता उत्तम येते. आता लिहिण्याचे काम आपले आहे.