पुढचं युनिट कुणाला?

रात्री अकराला होस्टेलची लाइट गेली की आपला पहिला प्रश्न, ‘तुझं चार्जिंग किती टक्के?’ त्याच वेळी जुन्नरकडचा एखादा शेतकरी बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघालेला असतो. या आठवड्यात त्याच्या फीडरची पाळी रात्रीची. वाटेत साप असेल, उसात बिबट्या असेल. आपली रील अडते, त्याचं पीक अडतं.

भारतात वर्षाला माणशी साधारण १,४०० युनिट वीज लागते. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त, तर अमेरिकेची १२,००० च्या वर. त्यामुळे ‘पृथ्वी वाचवा, वीज कमी वापरा’ हा सल्ला आपल्याला सरसकट लागू होत नाही. गिरणी, शीतगृह, कारखाना, सगळं विजेवरच चालतं. वाढायचं तर वीज लागणारच.

पण म्हणून जास्त वीज म्हणजे जास्त प्रगती, असंही नाही. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या लेसांगमध्ये वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव उजळल्याचं जाहीर झालं. नियम मात्र असा, की दहा टक्के घरांत वीज आली तरी गाव ‘विद्युतीकृत’! तार पोचणं वेगळं आणि हवी तेव्हा वीज मिळणं वेगळं. भरवसा नसेल तर दुकानदार महागडं डिझेल जाळतो आणि शेतकरी रात्र.

शिवाय आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशाची. बटण आपण दाबतो, धूर आणि राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला.

मग करायचं काय? एक, तेच काम कमी विजेत. ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. ‘उजाला’ योजनेत असे ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. अंधार न करताही बचत होते ती अशी. दोन, शेतीला दिवसा वीज. सूर्य दिवसाच तळपतो, मोटरही दिवसाच चालायला हवी. सौर फीडरची राज्याची योजना २०१७ पासून आहे. आता तिचा वेग हा निवडणुकीतला प्रश्न व्हायला हवा, आणि तो विचारायला मतदार म्हणून आपण आहोतच की!

देश किती वीज वापरतो, हे विचाराच. पण पुढचं युनिट कुणाला मिळणार, हे आधी विचारा. आणि हो, रूमबाहेर पडताना पंखा बंद करा राव!