उशिरा निघालेल्या प्रवाशाचे भाडे

इटलीतील व्हेनिस शहरात केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या प्रवाशांवर पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसविण्यास २५ एप्रिल २०२४ रोजी प्रारंभ झाला. संग्रहालयात अथवा किल्ल्यात शिरताना तिकीट काढावे लागते, याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु जेथे माणसे राहतात, मुले शाळेत जातात, म्हातारी माणसे पिशवी घेऊन भाजी आणावयास निघतात, अशा नांदत्या गावात पाऊल ठेवण्यासाठी तिकीट ही गोष्ट नवी होती. विशेष म्हणजे त्या दिवशी निदर्शने केली ती प्रवाशांनी नव्हे, तर व्हेनिसच्या रहिवाशांनी. तिकीट नको, राहावयास घरे द्या आणि नागरी सोयी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या हितासाठी शुल्क बसविले असे सांगण्यात आले, त्यांनीच ते नाकारावे, यात काही अर्थ असला पाहिजे.

जगातील प्रवाशांना आवडणाऱ्या स्थळांची यादी आता जवळजवळ ठरून गेली आहे. पॅरिसचा आयफेल मनोरा, लंडन, रोमचे कलोसियम, व्हेनिसचे कालवे, बार्सिलोनातील गौदीच्या इमारती, आल्प्सची हिमशिखरे, थायलंडचे किनारे. पुण्याचा प्रवासी असो की सोलचा, यादी तीच. १९५० साली देशाबाहेर प्रवासास गेलेल्यांच्या फेऱ्या साऱ्या जगात मिळून सुमारे अडीच कोटी होत्या. २०२४ साली त्या सुमारे १४० कोटी झाल्या. माणसांची ये-जा पन्नास पटींहून अधिक वाढली, पण व्हेनिस एकच राहिले. कापड कमी पडले तर नवी गिरणी उभारता येते. सेंट मार्कचा चौक दुसरा बांधता येत नाही, आणि बांधलाच तर तो पाहावयास कोणी जाणार नाही.

अशा स्थितीत पाच युरोंनी काय साधावे? पहिल्या वर्षी हे शुल्क २९ दिवस घेतले गेले व त्यातून सुमारे २४ लाख युरो जमा झाले. २०२५ साली दिवस ५४ करण्यात आले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यास दहा युरो पडू लागले. गर्दी हटल्याचे मात्र दिसले नाही, आणि दिसण्याचे कारणही नव्हते. ज्याने विमानभाड्यासाठी लाखभर रुपये मोजले, तो शेवटच्या पाच युरोंपाशी अडखळून मागे फिरत नाही. मागणीची लवचिकता हा विषय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकविताना याहून सोपे उदाहरण सापडू नये. त्यातही एक गोम आहे. जे शुल्क तिजोरी भरते, त्याला गर्दी हवीच असते. गर्दी खरोखर हटली तर तिजोरी रिकामी राहील. एकाच नाण्याने उत्पन्न वाढवावे आणि त्याच नाण्याने माणसे कमी करावीत, हे दोन्ही हेतू एका वेळी फारसे साधत नाहीत. नगरपालिका मात्र दोन्हींचा उल्लेख एका दमात करतात.

व्हेनिसचे खरे दुखणे वेगळे आहे. १९५१ साली त्या बेटावरील जुन्या शहराची लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली आली. रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेआड उरलेल्या रहिवाशांचा आकडा दाखविणारा फलक २००८ पासून लावलेला आहे. आजाऱ्याच्या तापाचा तक्ता उशाशी टांगावा, तसा तो दिसतो. २०२३ मध्ये तेथील नागरिकांच्या एका गटाने मोजणी केली, तेव्हा प्रवाशांसाठी मांडलेल्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येहून अधिक भरली. हे कोणा दुष्टाने केलेले नाही. घरमालकाने साधे गणित केले. बिऱ्हाडकरूकडून महिन्याकाठी जे भाडे मिळते, ते प्रवाशांकडून आठ-दहा दिवसांत सुटते. शिवाय प्रवासी घर सोडण्यास नकार देत नाही. मग शिक्षिका, परिचारिका, नावाडी एकेक करून समोरच्या मुख्य भूमीवर राहावयास गेले. गिऱ्हाईक गेले म्हणून पाववाला गेला, खिळे-बिजागऱ्यांचे दुकान गेले, आणि त्या जागी मुखवटे व काचेचे मणी विकणारी दुकाने आली. २ जून २०१९ रोजी एक अजस्र प्रवासी जहाज गुदेक्का कालव्यात धक्क्यावर व एका नौकेवर आदळले. पुढे १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या कालव्यात बंदी झाली. ते योग्यच झाले. परंतु जहाज दिसते, घरभाड्याचे गणित दिसत नाही. म्हणून पहिल्यावर उपाय लवकर होतो.

प्रवाशांच्या झुंडीविषयीची ही ओरड नवी नाही. टॉमस कुक याने १८४१ साली लीस्टरहून लफबरोला स्वस्त दरात आगगाडीने माणसे नेली आणि पुढे तो सामान्य इंग्रज कुटुंबांना युरोपभर हिंडवू लागला. त्यावर १८६५ साली चार्ल्स लीव्हर हा इंग्रजी लेखक, जो स्वतः इटलीत सरकारी हुद्द्यावर सुखाने राहत होता, इतका चिडला की, ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी आता इंग्लंड इटलीत पाठवीत आहे अशी आवई आपण लोकांत उठवून दिल्याचे त्याने छापून टाकले. त्याला गर्दीचे दुःख नव्हते. आपल्याखेरीज इतर कोणी यावे, याचे होते. आजच्या तक्रारींत रहिवाशांचे सच्चे दुःख किती आणि आधी येऊन गेलेल्यांचा हा जुना त्रागा किती, हे निवडून पाहिले पाहिजे.

कारण आता जो नवा प्रवासी निघाला आहे, तो चीनचा आहे, भारताचा आहे. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात भारतीय माणसाला डॉलर रेशनवर मिळत. परदेश म्हणजे शिक्षण, नोकरी अथवा एखाद्या शिष्टमंडळातील नियुक्ती. १९७३ चा कडक परकीय चलन नियमन कायदा जाऊन जून २००० पासून नवा कायदा अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाकाठी २५ हजार डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा दिली. ती मर्यादा वाढत अडीच लाख डॉलरपर्यंत गेली. या योजनेखाली २०२३-२४ मध्ये एकट्या प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले. यात धनिकांचा वाटा मोठा असणार हे उघड आहे. पण निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतले चार पैसे बाजूला काढून आयुष्यात एकदा युरोप पाहू इच्छिणारे मुख्याध्यापक आणि हेडक्लार्कही त्यात आहेत. बारा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या बसमध्ये बसून, रात्री पादुआसारख्या स्वस्त गावी मुक्काम करून, सकाळी व्हेनिसला येऊन दुपारी परतणारा तो हाच. रात्री व्हेनिसमध्ये राहणाऱ्यास प्रवेशशुल्क माफ असते, कारण तो निवासाचा कर भरतो. दिवसाच्या पाहुण्यावर शुल्क म्हणजे बव्हंशी याच्यावर शुल्क.

त्याने घर सोडण्यापूर्वीच खर्च सुरू झालेला असतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे. अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाही. अमेरिकेच्या वा जपानच्या नागरिकाला अल्प मुदतीसाठी असा व्हिसा लागतच नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपीय परिघाबाहेरच्या प्रवाशांचे तिकीट २२ युरोंवरून ३२ युरोंवर नेले. यावर आपल्याकडे कोणी संतापेल तर त्याने आधी अजिंठ्याच्या तिकीटखिडकीपाशी जाऊन यावे. तेथे भारतीयास ४० रुपये आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांस ६०० रुपये पडतात. फ्रेंच सरकारने दीडपटीच्या आतबाहेर केले, भारत सरकार पंधरा पटींनी करीत आले आहे. आणि यात अन्याय काही नाही. लेणी राखण्याचा खर्च येथील नागरिक करातून आधीच देतो. त्याच्याकडून दारात कमी घेणे रास्त ठरते. मात्र हे तत्त्व देखभालीच्या खर्चापुरते आहे. गर्दी कमी करण्यासाठी दर वाढवीत नेणे, ही गोष्ट निराळी.

भूतानने हा मार्ग उघडपणे पत्करला. १९७४ साली दार उघडल्यापासून त्या राज्याचे धोरण थोडे पाहुणे आणि जास्त पैसा, असे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने दर रात्रीचे शुल्क २०० डॉलर केले. ते जड गेले म्हणून वर्षभरात १०० डॉलरवर आणले. भारतीयांना मैत्रीखातर १२०० रुपये. लहान, डोंगराळ देशाला ते शोभते. परंतु साऱ्या जगाने हाच धडा गिरविला तर परदेशप्रवास पुन्हा लीव्हरच्या मंडळींकडे जाईल. पैशाने केलेली निवड तटस्थ दिसते, पण ती माणसाची इच्छा मोजत नाही, त्याचा खिसा मोजते. श्रीमंताची तिसरी खेप आणि शिक्षकाची आयुष्यातली पहिली व बहुधा अखेरची खेप तिच्या लेखी सारखीच. उलट तिसऱ्या खेपेस अग्रक्रम.

याहून बरा मार्ग संख्येचा आहे. स्पेनमध्ये ग्रानाडा येथील अलहाम्ब्रा राजवाड्यात दिवसाला किती माणसे सोडावयाची हे ठरलेले असते आणि नसरी महालात शिरण्याची वेळही तिकिटावर नेमून दिलेली असते. थायलंडमधील माया बे हा छोटा किनारा एका हॉलिवूड चित्रपटामुळे असा गाजला की, दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे तेथे उतरू लागली आणि प्रवाळ मेले. जून २०१८ मध्ये सरकारने तो बंद केला. साडेतीन वर्षे बंद राहिला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला तेव्हा होड्यांना आखाताच्या तोंडाशी येण्यास मज्जाव होता, एका वेळी उतरणाऱ्यांची संख्या ठरली होती, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क मासे उथळ पाण्यात परतले होते. आपल्याकडे देवळातल्या बारीत सावकार आणि शेतमजूर एकामागे एक उभे राहतात, निदान राहावेत अशी अपेक्षा असते. संख्येच्या नियंत्रणात ती बारी आहे.

अर्थात जेथे रेशन तेथे काळाबाजार, हे या देशातील माणसाला कोणी सांगावयास नको. कलोसियमची तिकिटे यंत्राच्या साहाय्याने क्षणार्धात उचलून नंतर महाग दराने, सहलीच्या पुड्यात बांधून विकण्याचा धंदा चालला होता. त्यावर इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये संबंधितांना मिळून सुमारे दोन कोटी युरो दंड केला. तिकिटावर नाव घालणे, दारात ओळखपत्र पाहणे, काही तिकिटे त्याच दिवशी खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखणे, असे उपाय करता येतात. आगगाडीच्या आरक्षणात ते आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, त्यांच्या पळवाटांसकट.

घरांचा प्रश्न मात्र संख्येनेही सुटत नाही. त्याला हात घातला बार्सिलोनाने. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर हे शहर प्रवाशांच्या यादीत वर चढले आणि तेथील भाडी तरुण नोकरदारांच्या आवाक्याबाहेर गेली. जुलै २०२४ मध्ये निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या प्रवाशांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडविले, त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्याआधीच, जून २०२४ मध्ये, महापौर झाउमे कोलबोनी यांनी प्रवाशांना सदनिका भाड्याने देण्याचे सारे, दहा हजारांहून अधिक परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला. पिचकाऱ्यांचे कौतुक कोणी करू नये. परवान्यांचा निर्णय मात्र पाच युरोंच्या शुल्काहून कितीतरी अधिक प्रामाणिक आहे, कारण तो प्रवाशावर नव्हे, त्याच्या नावाने घर अडविणाऱ्या व्यवहारावर पडतो. याची झळ मराठी कुटुंबालाही बसेल. चौघांना पुरणारी, स्वयंपाकघर असलेली, दोन वेळा वरणभात शिजविता येणारी सदनिका हॉटेलपेक्षा स्वस्त पडते; ती गेली की सहल महागणार. ती झळ सोसावी. ते स्वयंपाकघर मुळात दुसऱ्या कोणाच्या तरी संसाराचे होते.

राहता राहिला हंगाम. व्हेनिसचे शुल्काचे दिवस एप्रिल ते जुलैच्या दरम्यान येतात. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांची मोठी सुटी मे महिन्यात, म्हणजे नेमकी तेव्हाच. ती शिक्षकाच्या हातात नाही. दिवाळीच्या सुटीत व्हेनिसला प्रवेशशुल्क नसते आणि गर्दीही उतरलेली असते. मात्र त्याच दिवसांत समुद्राला उधाण येते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले होते, आणि सेंट मार्कच्या चौकातून माणसे गुडघ्याच्या वर पाण्यात चालत होती. ऑक्टोबर २०२० पासून खाजणाच्या तोंडाशी उचलले जाणारे पोलादी दरवाजे कामास लागले आहेत. मोठी भरती ते बाहेर थोपवितात. लहान भरतीला ते उचलत नाहीत, तेव्हा दिवाळीत जाणाऱ्याने सोबत रबरी बूट न्यावेत.